पाखरीचा पाय

आमच्या घरात घोडी आली ती मामामुळं. तोवर आम्ही नुसती बैलांची माणसं होतो. बैल आजारी पडणार हे शेणावरून सांगायचो, कुठल्या पायानं लंगडतोय हे अंधारात खुरांच्या आवाजावरून ओळखायचो. घोड्यातलं मात्र काडीचं कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही कळत नव्हतं. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातनं झालं. माझी बायको, जी आता नाही, हा किस्सा माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकायची. मी घाईत सांगितला की अडवायची. म्हणायची, तसं नाही, आत्याबाई काय म्हणल्या ते नीट सांगा. तिनं आपल्या सासूला, म्हणजे माझ्या आईला, आत्याबाई म्हणायचं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. आता अडवणारं कुणी नाही, म्हणून लिहायला घेतलं. सातवीपर्यंत शिकलेलो माणूस आहे, ते पण ढकलत ढकलत. शुद्ध-अशुद्ध ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

बाहेरच्या माणसाला आमच्याकडची शर्यत आधी सांगावी लागते. जुन्नर-आंबेगावकडं बैलगाडा पळतो तो चढावर, आणि त्या चढाच्या धावेला आम्ही घाट म्हणतो. गाड्याला चार बैल, दोन पुढं दोन मागं, आणि हाकायला गाड्यात कुणीच नाही. बैलांच्या पुढं एक घोडी पळते, घोडीवर एक पोरगं असतं. बैल तिच्या मागं पळतात. घोडी मंद असली तर लाखातले बैलसुद्धा नांगराला जुंपल्यागत येतात. घोडी तेज असली की बैलांच्या अंगात येतं. निशाण पडलं, भिर्रर्र झालं, की ओरडणारा बैलांच्या नावानं ओरडतो, पण जाणती माणसं घोडी बघतात. आमच्या घोडीचं नाव पाखरी. राजुरीच्या माझ्या मामानं जत्रेतून शिंगरू आणलं आणि ते आपल्या बहिणीला, माझ्या आईला दिलं. बहिणीला लोक साडीचोळी करतात, ह्यानं घोडी केली. आमच्या आळीतल्या बायका त्यावर लई दिवस हसल्या. पुढं तिचं नाव दोन्ही तालुक्यांत झालं, तेव्हा त्याच बायका हळदकुंकू घेऊन यायला लागल्या.

तिच्यावर मी बसायचो. मिसरूड फुटायचं वय, अंगानं काडी, आणि भीती कशाला म्हणतात ते ठाऊक नाही. पाखरी रंगानं राखाडी, कपाळावर पांढरं बोट ओढल्यासारखा पट्टा. आमचं स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामधी एकच भिंत, वरनं अर्धी उघडी. पहाटे आई जात्यावर बसली की पलीकडं पाखरी पाय आपटायची, म्हणजे भिजवलेले हरभरे आण. आई म्हणायची, "आली वाटतं सासूबाईंची हाक," आणि दळण तसंच टाकून उठायची. माणसांना भाकरी मागनं, घोडीला हरभरे आधी. पण ह्यावरून आई मायाळू होती असं कुणी समजू नये. ती जनावराला जनावर म्हणायची. कोंबडी आजारी दिसली की दुपारी तिचं कालवण व्हायचं. म्हातारा बैल विकायचा ठरला की बाजारच्या दिवशी आई त्याला न्हाऊ घालायची, पोटभर खायला घालायची, दावं हातात धरून रस्त्यापर्यंत जायची आणि व्यापाऱ्याच्या हातात द्यायची. त्या दिवशी माझे वडील, आबा, विहिरीवर जाऊन बसायचे. बैल गावाबाहेर गेला हे कुणीतरी जाऊन सांगितल्याबिगर घरी यायचे नाहीत. सगळं गाव म्हणायचं, आबाचं काळीज लोण्याचं आणि त्याच्या बायकोचं दगडाचं. मीही तसंच म्हणायचो.

पाखरी पडली ती शेजारच्या गावच्या यात्रेत. आई घरी मासवडी करत होती. यात्रेवरनं येणारे पाव्हणे आमच्याकडंच जेवायचे, म्हणून खोबऱ्या-तिळाचं सारण भाजल्याचा वास रस्त्यापर्यंत यायचा. सकाळी निघताना तो वास नाकात घेऊन मी घोडीवर बसलो होतो. घाट चांगला होता, बारी, म्हणजे आमच्या गाड्याची धाव, चांगली लागली होती. बैल मागं इतके जवळ की त्यांचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. वरच्या टोकाला शेवटच्या निशाणाच्या पलीकडं, लोक बाजूला होतात तिथं, पाण्याचा पाट बुजवलेला होता. तो नीट बुजवलेला नव्हता. पाखरीचा पुढचा उजवा पाय त्यात गेला. मी कडब्यात जाऊन पडलो, मला खरचटलं तेवढंच. बैल बाजूनं निघून गेले. मी उठून पाहिलं तर पाखरी उभी होती. उभी होती म्हणून मला आधी हायसं वाटलं. मग पाहिलं की गुडघ्याखालचा पाय तिच्या मर्जीशिवाय हलतोय.

तिथंच कुणीतरी म्हणलं, हिला आता मोकळी करा. आबांनी त्या माणसाकडं असं पाहिलं की तो मागं सरला. गाडीत पेंढा अंथरून, पाय बांधून, तिला घरी आणली. घाटघरच्या अंगाचा एक हाडं बसवणारा म्हातारा होता. आमच्या एका बैलाचा मोडलेला पाय त्यानं कामट्या बांधून जोडला होता, आणि तो बैल पुढं नांगराला चालला होता. आबांनी त्यालाच बोलावलं. त्यानं बैलाला करतात तेच केलं. लेप लावला, कामट्या लावल्या, सुतळीनं आवळलं, म्हणाला भार पडू देऊ नका. भार कसा पडू द्यायचा नाही, तर आबांनी गोणपाटं शिवून पट्टा केला, तो पोटाखालून घेतला, आणि नाडे गोठ्याच्या आढ्याला बांधले. पाखरी अर्धी उभी, अर्धी टांगलेली. त्या दिवसापासनं घरात एक नवा आवाज सुरू झाला. ती अंग हलवायची तसा नाडा आढ्यावर करकरायचा. जेवताना करकर, निजताना करकर. पहाटे आईच्या जात्याची घरघर आणि भिंतीपलीकडनं ही करकर. कधी कधी आई जातं मधीच थांबवून ऐकत बसायची.

पहिले काही दिवस बरं वाटलं. हरभरे खायची, कान टवकारायची. बातमी पसरली आणि माणसं यायला लागली. मंचरकडनं, ओतूरकडनं, कुठनं कुठनं गाडामालक यायचे. नारळ आणायचे, बायका कपाळाला कुंकू लावायच्या. आबांनी तिच्या अंगावर शर्यतीतली झूल घातली होती, आरसे लावलेली. ती पट्ट्यावरून खाली पोटापर्यंत यायची. पडवीत घोंगडी अंथरलेली, आणि आबा तीच गोष्ट सांगायचे: निशाण कसं पडलं, बैल कसे आले, पाट कसा होता. ऐकणारे म्हणायचे, "आबा, दुसऱ्या कुणी कवाच इल्हेवाट लावली असती. तुमीच म्हनून." आबा मान खाली घालायचे. मग सगळे गोठ्याच्या दारात जायचे. आबा जवळ गेले की पाखरी कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकवायची. "बघा, माया कशी करती," लोक म्हणायचे. एकदोघांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आई आत चहा करायची. सगळं दूध पाव्हण्यांच्या चहात जात होतं, आम्ही कोरा प्यायचो. ती काही बोलत नव्हती, आणि आई बोलत नसली की घरात चालताना पाय जपून टाकावा लागायचा.

मग वास यायला लागला. आधी मला वाटलं लेपाचा. पाखरी हरभरे तोंडात घेऊन सोडून द्यायला लागली. चांगला पाय, डावा, ती पुढं टाकून उभी राहायची, मधीच उचलायची आणि उचलला की पुन्हा टेकवायची, कारण दुसरा पाय टेकवायला नव्हता. आबांना वाटलं नाल टोचतोय. म्हणून जुन्नरहून कासमचाचांना बोलावलं. कासमचाचा नालबंद. त्यांच्या वडलांचा टांगा होता, ते स्वतः घोड्यांतच वाढलेले. पाखरीला पहिल्यापासनं नाल त्यांनीच मारलेले. त्यांनी नाल काढला, मग खुरावर पंजा ठेवून तसेच बसून राहिले.

"आबा," ते म्हणाले, "घोडी बैल नाय."

"म्हंजे?"

"बैल बसून ऱ्हातो, रवंथ करतो, बसल्या बसल्या हाड जोडून घेतो. घोडीला बसून जगता येत नाय. तिला उभंच ऱ्हावं लागतं. हा पाय मोडला, मग सगळा भार कुनावर? ह्याच्यावर. हात लावा, तव्यागत तापलाय. आतून खूर सुटाय लागलाय. आता दोन पाय गेले समजा."

"तुमी नाल काढला ना, आता उतरंल."

"उतरायचं नाय ते. आमच्या बाच्या टांग्याची घोडी अशीच व्हती. आमी मोकळी केली तिला. बा रडला, दोन दिस जेवला नाय. पन केली."

आबांनी त्यांना चहाचंसुद्धा विचारलं नाही. हे आमच्या घरात कधी झालं नव्हतं. आई भिंतीच्या वरच्या उघड्या अंगानं सगळं ऐकत होती. तीच मागल्या दारानं जाऊन त्यांना चहा देऊन आली.

इथं जरा थांबून माझं सांगतो. माझी बायको पुण्याच्या दवाखान्यात होती तेव्हा काचेच्या खोलीत मशीनवर ठेवली होती. पोरगा, सून, मुलगी, जावई, सगळे यायचे आणि त्या पडद्यावरच्या रेघा बघायचे. रेघ वर गेली की म्हणायचे, आज बरं आहे. तिचा हात कुणी बघत नव्हतं. सुयांनी हात कोपरापर्यंत काळानिळा झालेला, बोटं अशी सुजलेली की अंगठी कापून काढली. मी हात बघितला आणि डॉक्टरांना विचारलं, ह्यातनं ती चालत घरी येणार का, तेवढं सांगा. ते इंग्रजीत बोलायला लागले तेव्हा मला कळलं. मी म्हणलो, घरी न्यायची. पोरगा म्हणाला, आप्पा, तुम्ही आईला मारायला निघालात. घरी आणली, तिच्या खाटेवर निजवली, तोंडात पाणी घातलं. पोरगा अजून माझ्याशी सरळ बोलत नाही. त्याला माया नाही असं मी म्हणत नाही. माया होती म्हणूनच त्याच्यानं हाताकडं बघवत नव्हतं. आबांचंही तेच होतं. विहिरीवर जाऊन बसायचं ते तेच. फरक एवढाच की ह्या खेपेला त्यांना विहीर घरातच सापडली होती: पाव्हणे, नारळ आणि झूल.

कासमचाचा गेल्यावर आईनं आबांना एकदाच सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरला आणा. आबा म्हणाले, माझ्या जित्यापणी नाही. मग पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी मंचरकडचे एक मोठे गाडामालक आले, बरोबर चार माणसं. पडवी भरली. आबांनी गोष्ट सुरू केली. गाडामालक म्हणाले, "आबा, जनावराला तुमच्यासारका मालक मिळाय नशीब लागतं." आई चहाचं ताट घेऊन दारात आली होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"पावणं, च्या मागनं घ्या," ती म्हणाली. "आदी आत या."

ते उठले. आबा पण उठले, त्यांना वाटलं ही आपणहून दाखवतेय तर बरंच आहे. गोठ्यात गाडामालकांनी पाखरीच्या कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"त्वांड काय बघता," आई म्हणाली. "तोंडाला काय झालंय? पाय बघा." आणि तिनं झूल ओढून काढली.

आरसे खळखळत खाली आले. पट्टा लागत होता तिथं पोटाची कातडी राहिलीच नव्हती. गोणपाट आतल्या मांसाला चिकटून बसलेलं. काखेत माश्या. आई खाली बसली आणि नाल काढल्यावर डाव्या खुरावर बांधलेलं फडकं सोडलं. केस आणि खूर जुळतात तिथं सगळी भेग पडली होती, त्यातनं पाणी येत होतं. गाडामालकांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

"वैनी, झाका ते."

"मी न्हाई झाकायची. झाकून झाकूनच इथवर आलंय. नशीबवान हाय ना ती? बघा की तिचं नशीब."

"आत जा," आबा म्हणाले. आवाज हळूच होता, पण मी दोघांच्या मधी जाऊन उभा राहिलो.

"जाते. पन झूल परत घालायची न्हाई."

पाव्हणे चहा न घेता गेले. पडवीत कपांवर साय धरली. आबा उंबऱ्यात उभे राहून आईला म्हणाले, "चार मानसांत माजी लाज काढलीस. तुज्या म्हायेरचं जनावर म्हनून तुला लई हक्क वाटतुया."

"हक्क न्हाई वाटत. भावाला काय सांगू त्याची लाज वाटती. टांगून ठिवलीया म्हनू?"

"तिनं नाव केलं माजं. आन मी तिला सुई टोचून मारू? कसायागत?"

"कसाई निदान येकदाच मारतो."

आबांचा हात वर गेला. गेला आणि तसाच राहिला. आईनं डोळे मिटले नाहीत. मग आबा माझ्याकडं वळले. "दत्त्या, तू बसायचास तिच्यावर. तू सांग. तू म्हनशील तसं करू. बोल."

मला बोलायचं नव्हतं. मला वाटत होतं पाखरी आपणहून मरावी, आमच्यापैकी कुणी बघत नसताना मरावी, आणि ती बरी व्हावी असंही वाटत होतं, दोन्ही एकदमच. मी ओंजळीत हरभरे घेऊन गोठ्यात गेलो. तिनं ओठ लावले, गरम होते, हरभरे तसेच राहिले. मग तिनं कपाळ माझ्या छातीवर टेकवलं. आबांच्या खांद्यावर टेकवायची तसंच. मी उभा राहिलो आणि मला तिचं वजन लागायला लागलं. ती टेकवून थांबली नाही, ती जास्त जास्त रेलत गेली. मी पाय रोवले, मागं सरकलो, पाठ भिंतीला लागली, तरी ती रेलतच होती. ती माया नव्हती. तिला अंगाचा भार कुठंतरी उतरवायचा होता. माझ्या छातीवर, आबांच्या खांद्यावर, पाव्हण्यांच्या हातावर, मिळेल तिथं. हरभरे खाली सांडले. मी कपाळ हळूच बाजूला करून बाहेर आलो आणि पायात वहाणा घातल्या.

"मी जुन्नरला जातो," म्हणलो.

कशाला, ते दोघांनाही कळलं.

जुन्नरला उतरून आधी कासमचाचांच्या दुकानात गेलो, कारण डॉक्टरांशी कसं बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. चाचा मला दवाखान्यात घेऊन गेले, डॉक्टरांना त्यांनीच सगळं सांगितलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पेटी घेतली, फटफटी काढली, मला मागं बसवलं. मी चाचांना म्हणलो, तुम्ही पण चला ना. ते म्हणाले, "नाय रे बाबा. पयला नाल मीच मारला तिला. मोकळी करा म्हनून सांगायला मी, हे बघायला नाय." ज्यांनी आम्हाला शहाणपण सांगितलं ते चाचा बाजारात तोंड फिरवून चालायला लागले. त्या वेळी मला त्यांचा राग आला. आता येत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आबा गोठ्याच्या दारात दगडावर बसलेले. आत जायची वाट त्यांनीच अडवलेली. डॉक्टरांना बाजूनं वाकून पाखरी दिसली. त्यांनी तेवढ्यावरच मान हलवली.

"मालक कोण?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं आई म्हणेल, मी. घोडी तिच्या भावानं दिलेली. पण आई भिंतीला टेकून उभी होती आणि आबांकडं बघत होती.

"मालक हो म्हणत नाहीत तोवर मी पेटी उघडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "मला दुसऱ्या गावाला जायचंय."

आबा बोटानं माती उकरत राहिले. आढ्यावर नाडा करकरला. डॉक्टरांनी पेटी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली आणि फटफटीकडं पाहिलं. तेव्हा आई आबांच्या जवळ जाऊन खाली उकिडवी बसली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता, बाजाराला जाताना काय आणायचं ते सांगायची तसा होता.

"तुमी न्हाई म्हनला तर डाक्टर जातील. मग मी पुन्यांदा बोलायची न्हाई. पन उद्यापासनं तिचं तुमीच करायचं. जखमा तुमी धुवायच्या, माश्या तुमी हानायच्या, फडकं तुमी बदलायचं. मी न्हाई, दत्त्याबी न्हाई. आन झूल न घालता करायचं. जमंल का?"

आबांनी मातीतनं बोट काढलं आणि डॉक्टरांना विचारलं, "तिला दुखंल का?"

"आता दुखतंय तेवढं नाही दुखणार."

आबा उठले. "पट्टा मी सोडतो," म्हणाले.

ते आत गेले आणि मला दुसऱ्या बाजूला उभं केलं. त्यांनी आपला खांदा पाखरीच्या मानेखाली दिला, सगळा भार घेतला, आणि दुसऱ्या हातानं नाड्याची गाठ सोडायला लागले. गाठ आवळून बसली होती. पट्टा सैल झाला तसं गोणपाट मांसापासनं सुटलं. पाखरीनं आवाज केला. असा आवाज मी घोड्याचा त्याआधी ऐकला नव्हता. आबांनी बोटं पोटाखाली घातली, बाहेर काढली आणि बोटांकडं बघत राहिले. ह्या वेळी त्यांनी मान फिरवली नाही. त्यांनी वाकून सगळं पाहिलं, काख पाहिली, खूर पाहिला, जिथं जिथं झूल होती तिथं तिथं पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "करा लौकर." आई पाखरीच्या तोंडापाशी आली, तिनं पदरानं तिचे डोळे पुसले आणि पदर तसाच डोळ्यांवर धरून ठेवला. सुई गेली. थोड्या वेळानं पाखरी आमच्या सगळ्यांवर कलली. आम्ही तिघांनी धरून तिला खाली घेतली. पाय मोडल्यापासनं ती पहिल्यांदाच आडवी पडली होती, आणि आढ्यावरचा नाडा नुसता लोंबत होता.

गावातली पोरं आली, म्हणाली हलगी आणतो, गुलाल आणतो, वाजत नेऊ. आबा नको म्हणाले. विहिरीकडच्या पडीक तुकड्यात खड्डा खणला आणि आमच्याच बैलांनी तिला ओढत नेली. आईनं गोठा फिनेल टाकून धुतला, चुना टाकला, मग हातपाय धुऊन भाकरी थापायला बसली. हुलग्याची आमटी होती. आबा पानावर बसले, दोन घास खाल्ले, उठले. एकमेकांशी एक शब्द नाही. मला वाटलं आता हे असंच राहणार. घरोघर नवराबायको बोलायचे बंद झालेले मी पाहिले होते, म्हातारे होईस्तोवर पोरांच्या तोंडून निरोप सांगणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबेगावच्या अंगाचा एक म्हातारा आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. काखेत पिशवी, पिशवीत नारळ, लांबनं चालत आलेला, पायावर धूळ. आबा पडवीत बसले होते. म्हातारा टेकला, पाणी प्याला, म्हणाला, "आबा, तुमच्या पाखरीचं दर्शन घ्याय आलोय. कुटं हाय?"

मी खाली बघितलं. आई दारात आली. सकाळीच तिनं मला सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर म्हणायचं गेली. कुणी खोदून विचारत नाही. तिनं तोंड उघडलं, "बाबा, ती काल..."

"मारली," आबा म्हणाले.

म्हाताऱ्याला कळलं नाही. "कुनी मारली?"

"आमी मारली. डाक्टर आनून. पाय सडला व्हता. लई दिस आमी तिला तसंच ठिवलं, त्ये चुकलं. मग मारली."

म्हातारा उठला, नारळाची पिशवी तशीच काखेत मारली आणि आल्या वाटेनं चालायला लागला. आई आत गेली होती ती चहा घेऊन बाहेर आली, एक कप पाव्हण्याचा, एक आबांचा. पाव्हणा कुंपणापलीकडं गेलेला. ती कप परत न्यायला वळली.

"तिकडं कुटं," आबा म्हणाले. "बस की."

आमच्या घरातली बाई पडवीत, रस्त्याकडं तोंड करून, नवऱ्याच्या शेजारी कधी बसली नव्हती. आई उभीच राहिली. आबांनी घोंगडीवर सरकून जागा केली, तिच्या हातातला एक कप घेतला आणि दुसरा तिच्याच हातात ठेवला. रस्त्यानं माणसं बाजाराला चालली होती, बघत होती. आई बसली, पदर सारखा केला, आणि दोघांनी चहा पिऊन टाकला.